जस्ताची टिकली आणि विजेचा लोंढा

(लेखक : एक घाऊक धान्य-व्यापारी, सिल्वासा)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘सभासदांस उपयोगी पडेल असे काही लिहा’ अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य गेले ते भात, तूर, उडीद व नागली यांच्या थप्प्यांत. बाजारभावावर लिहावे, तर अंक छापून हाती पडेपर्यंत ते शिळे होणार. म्हणून आमच्या पदरी आलेला एक नुकसानीचा अनुभव आणि त्यानिमित्ताने लाभलेले थोडे ज्ञान सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत. विषय आहे जस्ताच्या भुकटीपासून भाजून केलेली एक लहानशी टिकली. ती आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानांत, गोदामांत व घरांत आहे. मात्र ती तेथे आहे हे फारच थोड्यांस ठाऊक असेल.

गोदामावर आलेले संकट

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा होता. आपल्या दादरा-नगर हवेलीच्या मुलखात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याची सलामी विजेच्या कडकडाटाने होते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या दिवशी संध्याकाळी वीज पडली ती आमच्या गोदामावर नव्हे; दूर कोठेतरी तारांच्या मार्गावर पडली. आमच्याकडे नुसते दिवे लुकलुकले व क्षणभरात पूर्ववत् झाले. सकाळी पाहतो तो इलेक्ट्रॉनिक काटा मुका, संगणक बंद, आणि दाण्यातला काळा व डागी दाणा निवडून बाजूस टाकणाऱ्या यंत्राच्या नियंत्रक पाटीवर जळकट डाग. मोसमाच्या तोंडावर हे यंत्र पंधरा दिवस बंद राहिले. दुरुस्तीस जे पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून जिव्हारी लागले ते बोललेल्या मुदतीत माल देता न आल्याने गेलेले नाव.

आम्हास संताप आला तो वायरमनचा. मागील उन्हाळ्यात त्याच्याच सांगण्यावरून आम्ही मुख्य बोर्डाजवळ एक संरक्षक डबी बसविली होती. विजेच्या अशा लोंढ्यास इंग्रजीत ‘सर्ज’ म्हणतात, आणि त्या डबीस ‘सर्ज प्रोटेक्टर’. “तुझी डबी खोटी आणि तूही खोटा,” असे आम्ही त्यास दहा माणसांदेखत बोललो आणि त्याची उरलेली मजुरी अडवून धरली. तो बिचारा मान खाली घालून गेला. ह्या प्रसंगाकडे पुढे वळूच.

दिवाळीस आमचे भाचे आले. ते मातीच्या नव्हे, पण मातीच्याच रीतीने भाजलेल्या विद्युत्-वस्तूंच्या एका कारखान्यात भट्टीवर काम पाहतात. त्यांनी डबी उघडली, तपासली व म्हणाले, “मामा, डबी अगदी शाबूत आहे. हिने काही केलेच नाही.”

“तेच तर आमचे म्हणणे,” आम्ही म्हणालो.

“तसे नव्हे, मामा. हिला काही करू दिलेच नाही. लोंढा वाहून न्यावयास वाट लागते. हिची अर्थिंगची वाट कोठे आहे?”

तार शोधीत गेलो, आणि गोदामाच्या नव्या फरशीपाशी ती तुटलेली सापडली. आम्हास तत्क्षणी आठवले. फरशी घालताना हातगाडीचे चाक त्या पट्टीत अडकते म्हणून आम्हीच गवंड्यास ती कापून टाकण्यास सांगितले होते. दोष वायरमनचा नव्हता, टिकलीचाही नव्हता. दोष सर्वस्वी आमचा होता.

टिकलीत आहे तरी काय ?

त्याच दिवशी भाच्यांनी तशीच एक सुटी टिकली आमच्या तळहातावर ठेवली. आकार जुन्या चार आण्याएवढा, दोन बाजूंस चांदीचा मुलामा, दोन तारा, आणि वर रंगाचे आवरण. हिचे नाव ‘व्हॅरिस्टर’. ही मुख्यत्वे झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्त हवेत जळून होणाऱ्या पांढऱ्या भुकटीची केलेली असते. खाज-पुरळावर लावण्याच्या औषधात, टायरच्या रबरात आणि पांढऱ्या रंगात जी भुकटी पडते तीच ही.

जस्ताचा आपल्या देशाशी संबंध फार जुना आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे काही शतकांपूर्वी वांग्याच्या आकाराच्या मुशींतून जस्त गाळीत असत, आणि त्या मुशींचे ढीग तेथे अद्याप पाहावयास मिळतात. त्याच परिसरात जुन्या जैन मंदिरांचेही अवशेष आहेत. जस्ताची मोठी अडचण अशी की, तापले म्हणजे त्याची वाफ होते आणि त्या वाफेस हवा लागली की ती जळून पांढरी राख होते. जुन्या कारागिरांनी मुशी उलट्या लावून ही वाफ हवा न लागू देता खाली उतरविली, यातच त्यांचे सारे कसब होते. जी राख होऊ नये म्हणून ते जपत, तीच राख आज कारखान्यांत जस्ताची वाफ मुद्दाम हवेत जाळून करतात, आणि तिच्यापासून ही टिकली बनते.

दाण्याचा धंदा करणाऱ्या आम्हास यापुढची गोष्ट विशेष भावली. टिकली फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर ती एकसंध दिसत नाही. तीत दाणेच दाणे दिसतात. एकेक दाणा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा. दाण्याच्या पोटातून वीज सहज वाहते. पण दाणा दाण्यास जेथे टेकतो त्या सीमेवर मात्र ती अडते. अशा प्रत्येक सीमेवर सुमारे तीन व्होल्टपर्यंत दाब अडवून धरला जातो. दाब त्यापलीकडे गेला की तीच सीमा एकाएकी दार उघडते.

हिशेब करून पाहू. आपल्या घरी २३० व्होल्टचा पुरवठा असतो. त्यासाठी जी टिकली वापरतात तिच्यावर बहुधा २७५ व्होल्ट असा अंक असतो, आणि ती सुमारे ४३० व्होल्टला वाहू लागते. सीमेमागे तीन-सव्वातीन व्होल्ट धरले, तर एका बाजूच्या चांदीपासून दुसऱ्या बाजूच्या चांदीपर्यंत सुमारे १३५ दाण्यांची रांग हवी. म्हणजे टिकली किती जाड करावयाची हे दाणा किती मोठा यावर ठरते. दाणा लहान असेल, तर पातळ टिकलीतही सीमा पुष्कळ मावतात.

हे दार किती झपाट्याने उघडते, तेही व्यापारी गणिताने सांगता येईल. पूर्वी विजेच्या खांबांवरील रोधकांत सिलिकॉन कार्बाइड वापरीत. त्यावरचा दाब दहा टक्क्यांनी वाढला, तर प्रवाह फार तर दीडपट-पावणेदोनपट होई. चांगल्या झिंक ऑक्साइडच्या टिकलीत तोच दाब दहा टक्क्यांनी वाढला, तर प्रवाह शंभरपटींहून अधिक होतो. एरवी ही टिकली जवळजवळ काहीच खात नाही. संकट आले म्हणजे मात्र निमिषार्धात सारा लोंढा स्वतःतून जमिनीत नेते, आणि संकट टळताच पुनश्च दार लावून स्वस्थ बसते. असा पहारेकरी कोणास नको असेल ?

हा गुण प्रथम हेरला जपानमधील मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका यांनी, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७१ साली छापून आला. नुसत्या जस्ताच्या भुकटीत हा गुण नाही. तीत बिस्मथ, अँटिमनी, कोबाल्ट, मँगनीज, क्रोमियम यांची ऑक्साइडे थोडथोड्या प्रमाणात मिसळून ती भाजली, तेव्हा तो प्रकट झाला. पुढे लवकरच घरगुती उपकरणांपासून मोठ्या विद्युत्-केंद्रांपर्यंत जुन्या सिलिकॉन कार्बाइडची जागा या नव्या वस्तूने घेतली. महाराष्ट्रात चिंचवडच्या एल्प्रो इंटरनॅशनलने आणि नाशिकला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जने, जिचे आजचे नाव सी. जी. पॉवर असे आहे, विजेच्या वाहिन्यांवरील असे रोधक बनविले. मोठ्या रोधकात पोर्सेलीनच्या वा रबरी कवचाच्या आत या टिकल्या, किंबहुना चकत्याच, एकीवर एक रचलेल्या असतात.

भट्टीचा खर्च आणि लाडवाचा गूळ

आता मूळ विषयाकडे वळतो. ही टिकली करावयाची कशी ? भुकट्या पाण्यात एकत्र दळावयाच्या, वाळवावयाच्या, साच्यात दाबावयाच्या आणि मग भट्टीत भाजावयाच्या. भाजताना भुकटी वितळत नाही. पण कण कणास चिकटतो, मधल्या पोकळ्या बुजतात आणि वस्तू आकसून घट्ट होते. ह्या भाजणीस ‘सिंटरिंग’ म्हणतात. झिंक ऑक्साइड स्वतः वितळावयास सुमारे १९७५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पण टिकल्यांची भाजणी बहुधा ११०० ते १३०० अंशांवर होते.

“न वितळता चिकटतात कसे ?” असे आम्ही विचारले. भाच्यांनी ताटातील लाह्यांच्या लाडवाकडे बोट दाखविले. “मामा, लाही कोठे वितळली आहे ? वितळला तो गूळ. येथे बिस्मथ ऑक्साइड म्हणजे गूळ. ते सुमारे ८२० अंशांवर वितळते, दाण्यांच्या मधून पसरते व त्यांस एकत्र ओढते. निवताना सीमेवर त्याचा पातळ लेप राहतो. दार लावणारा आणि उघडणारा गुण सीमेवर येतो तो त्याच्या आणि इतर मसाल्यांच्या योगाने.”

दृष्टान्त इतका समर्पक होता की आम्हास पुढचे आपोआप उमगले. गूळ जर आणखी लवकर वितळणारा मिळाला, तर चूल मंद ठेवूनही लाडू वळता येईल ! शास्त्रज्ञ नेमके हेच करू पाहत आहेत. बिस्मथबरोबर बोरॉनयुक्त काच मिसळून, किंवा त्याऐवजी सुमारे ६९० अंशांच्या आत वितळणारे व्हॅनेडियमचे ऑक्साइड घालून, भाजणी ९०० अंशांच्या आसपास आणण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत.

दोन-तीनशे अंश कमी केल्याने लाभ काय ? पहिला लाभ इंधनाचा. भट्टी रात्रंदिवस चालणारी असते आणि दर अंशामागे वीज वा गॅस जळतो. दुसरा लाभ मालाचा. उष्णता फार झाली की बिस्मथ वाफ होऊन उडून जाते, म्हणजे गूळच चुलीत जातो, आणि टिकल्या एका भरतीतही सारख्या निघत नाहीत. तिसरा लाभ दाण्याचा. मंद आचेवर दाणा फार फुगत नाही, लहानच राहतो. त्यामुळे तेवढ्याच जाडीत सीमा अधिक आणि टिकली पातळ.

चौथा लाभ व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. मोबाईल फोन व संगणक यांच्या आत खसखशीएवढे व्हॅरिस्टर असतात. ते पापडाच्या लाटीसारख्या पातळ थरांचे, एकावर एक रचून केलेले असतात आणि दर दोन थरांमध्ये धातूचा लेप असतो. थर व धातू भट्टीत एकाच वेळी जावयाचे. चांदी ९६२ अंशांवर वितळते. तेव्हा भाजणी ११०० अंशांवर असेल, तर चांदी वापरता येत नाही. पॅलेडियम वा प्लॅटिनम यांसारखे महाग धातू घ्यावे लागतात. भाजणी ९०० अंशांवर आली, तर नुसत्या चांदीवर काम भागते. कोठे प्लॅटिनम आणि कोठे चांदी ! सराफीतील सभासदांस याहून अधिक सांगावयास नको. कमी उष्णतेवर चांदीसह थर भाजण्याची विद्या आपल्याकडेही अभ्यासिली जाते. पुण्यात सी-मेट ही केंद्र शासनाची इलेक्ट्रॉनिक पदार्थांची संशोधन संस्था आहे, तेथे अशा सहभाजित सिरॅमिक थरांवर काम झाले आहे.

मिठाची गोणी आणि थंड भाजणी

याही पलीकडे एक पाऊल पडले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘थंड भाजणी’ची रीत पुढे मांडली. भुकटी किंचित ओलावयाची, साच्यात प्रचंड दाबाखाली धरावयाची आणि उष्णता ३०० अंशांच्या आत ठेवावयाची. झिंक ऑक्साइडसाठी ओलाव्यात व्हिनेगरमधील आम्ल घालतात.

हे प्रथम ऐकले तेव्हा आमचा विश्वास बसेना. मग ध्यानात आले की हा चमत्कार आम्ही प्रत्येक पावसाळ्यात पाहतो. मिठाच्या गोण्यांची थप्पी लावावी आणि हवा दमट व्हावी. तळच्या गोणीचा दगड होतो, तो घणानेच फोडावा लागतो. तेथे भट्टी कोठे असते ? ओलाव्याने मिठाच्या खड्याची टोके किंचित विरघळतात, वरच्या गोण्यांच्या भाराने खडे एकमेकांस भिडतात, आणि विरघळलेले मीठ पोकळीत पुन्हा जमून खड्यास खडा जडतो. जे आम्ही नुकसान म्हणून लिहीत आलो, तेच तेथे कारागिरी ठरले. या रीतीत उष्णता इतकी कमी की दाण्यांच्या सीमेवर टेफ्लॉनसारखे प्लास्टिकही न जळता राहू शकते. असा झिंक ऑक्साइड व टेफ्लॉन यांचा व्हॅरिस्टर त्याच विद्यापीठात २८५ अंशांवर तयार करून २०१८ साली प्रसिद्ध करण्यात आला.

तथापि येथे व्यापारी सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. मंद आचेवरची भाकरी आतून कच्ची राहू शकते. कमी उष्णतेत भाजलेल्या टिकलीत पोकळ्या राहिल्या किंवा मसाला सर्वत्र सारखा पसरला नाही, तर लोंढा सर्व सीमांतून समान न वाहता एखाद्याच अशक्त वाटेने धावतो आणि टिकली तेथे भोक पडून फुटते. म्हणून टिकली कोणत्याही आचेवर भाजलेली असो, तिची परीक्षा एकच. एका सेकंदाच्या दशलक्षांश हिश्श्यास मायक्रोसेकंद म्हणतात. आठ मायक्रोसेकंदांत शिखरास पोहोचून विसाव्या मायक्रोसेकंदास निम्म्यावर येणारा कृत्रिम लोंढा तीतून सोडतात आणि ती टिकते की नाही हे पाहतात. स्वस्त भाजणी हा गुण खरा. पण तो परीक्षेनंतरचा गुण. धान्यातही भाव पाहण्यापूर्वी आपण नमुना हातावर घेतोच ना ?

सभासदांस विनंती

आज सिल्वाशात पिपरिया, मसाट, खडोली येथील कारखानेच नव्हे, तर साधे किराणा दुकानही इलेक्ट्रॉनिक काटा, संगणक व कॅमेरे यांवर चालते. जुना तराजू विजेस भीत नव्हता, नवा भितो. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अर्थिंगची. ते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. वाट नसेल, तर पहारेकरी काय करणार ? शिवाय अर्थिंग तुटलेले असणे हा यंत्रांहून माणसांच्या जिवास मोठा धोका आहे. आमच्या गोदामात हमाल अनवाणी वावरतात, आणि ती पट्टी आम्ही कापविली होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट, संरक्षक डबी मुख्य बोर्डाजवळच बसवावी आणि तिच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. लांब तार स्वतःच लोंढ्यास अडविते. नाजूक यंत्राजवळ आणखी एक लहान डबी असावी.

तिसरी गोष्ट, टिकली अमर नाही. प्रत्येक लोंढ्याबरोबर ती थोडी झिजते आणि एके दिवशी संपते. चांगल्या डबीवर लहान खिडकी असते. तीत हिरवा रंग असेल तर टिकली शाबूत, लाल झाला तर बदलावयाची. मात्र आमच्या डबीवरील हिरवा रंग वाट तुटलेली असतानाही हिरवाच होता, हे विसरू नये. आणि वीज थेट इमारतीवर पडली, तर एकटी टिकली पुरी पडत नाही. त्यासाठी छपरावरील वीजवाहक निराळा हवा.

चौथी गोष्ट, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची मोबाईलवरील सोय केली आहे. आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास ती इशारा देते. असा इशारा मिळाला की माणसांनी आडोसा घ्यावा. यंत्रांच्या पिना मात्र मेघ गडगडू लागण्यापूर्वीच काढलेल्या बऱ्या. वीज कडाडत असता त्यांस हात लावू नये.

राहिली गोष्ट वायरमनची. ती तुटकी पट्टी सापडली त्या रात्री आम्हास झोप लागली नाही. हिशेबाच्या वहीत एक पै चुकली तर रात्री जागून शोधणारे आम्ही, एका माणसाच्या नावे खोटी नोंद करून पाच महिने स्वस्थ झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, अडविलेली मजुरी दिली आणि ज्या दहा माणसांदेखत बोललो होतो, त्यांच्यादेखतच त्याची क्षमा मागितली. तो इतकेच म्हणाला, “शेठजी, पट्टी कोठून नेऊ ते सांगा, चाक अडकणार नाही अशी भिंतीकडून नेतो.” आज ती भिंतीकडूनच गेली आहे.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. मागच्या परतीच्या पावसात पुन्हा एकदा दिवे लुकलुकले. सकाळी डबीची खिडकी लाल झाली होती, आणि काटा, संगणक व निवडणीचे यंत्र तिन्ही चालू होते. आम्ही त्याच वायरमनला बोलावून नवी डबी बसविली, आणि जुनी टिकली गादीशेजारी ठेवली आहे. गोदामावर येणाऱ्या सभासदांस ती दाखविण्यास आम्हास आनंद वाटेल.

इत्यलम्.